पहाटेचा डिपर

मालोजी उतेकर पहाटे जागे होत ते आपल्या खाटेवर नव्हे, कशेडी घाटात.

डोळे उघडले की त्यांच्यासमोर भिंत नसे, गाडीची काच असे. काचेपलीकडे काळा रस्ता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आणि खाली, खूप खाली, पोलादपूरचे मिणमिणते दिवे. मग ते उठत, पायांनी चपला चाचपत, खुंटीवरचा मफलर गळ्याभोवती गुंडाळत आणि दाराची कडी काढून बाहेर पडत. कुणी विचारलंच, "आबा, एवढ्या पहाटे कुठं?" तर शांतपणे सांगत, "घरी चाललोय. पोरं वाट बघत असतील."

घरातून घरी जायला निघालेल्या माणसाला अडवायचं कसं, हे त्यांच्या सुनेला, अनुपमाला, उमगत नव्हतं.

मालोजींचं सगळं आयुष्य ट्रकवर गेलं. मिसरूड फुटलं तेव्हा महाडच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढले आणि केस पांढरे झाल्यावर ड्रायव्हर म्हणून उतरले. तिकडे रत्नागिरी-राजापूरकडून कधी आंबा, कधी सुकी मासळी, कधी जांभा दगड भरायचा आणि रात्रभर चालून पहाटेच्या सुमाराला कशेडी उतरायची, हा त्यांचा शिरस्ता. घर पोलादपूरच्या अलीकडे, हायवेपासून जरा उंचावर. गाडी खाली रस्त्याला लावून ते पायवाटेने वर येत. लेकरं झोपलेली असत म्हणून हॉर्न वाजवत नसत, चपलाही अंगणातच काढत. बायको चुलीपुढे बसलेली असे. ती मागे वळून न बघताच विचारी, "आलात?" आणि ते म्हणत, "आलो." नवराबायकोचं सकाळचं बोलणं बहुधा एवढंच.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. नंतर आबांची आठवण विरत गेली. आधी माणसांची नावं गेली, मग जेवलो की नाही ते कळेना, मग साल कोणतं ते. धाकट्या मुलाला, राजेशला, ते कधी ओळखत, कधी "पांडू" म्हणत. पांडू हा त्यांचा जुना क्लीनर. सगळं असं पुसलं जात असताना घाट तेवढा शाबूत राहिला, वळणावळणासकट. खरं तर तो घाटही आता मागे पडलाय. गाड्या बोगद्यातून जातात. राजेशने एकदा त्यांना मुद्दाम बोगद्यातून फिरवून आणलं. आबांनी आत शिरताच डोळे मिटले ते पलीकडे उजेड आल्यावर उघडले आणि म्हणाले, "हा आपला रस्ता नाय."

दिवाळीच्या आसपास ते पहाटे तीनदा हायवेवर सापडले. पहिल्यांदा टपरीवाल्याने हाताला धरून आणून सोडलं, दुसऱ्यांदा राजेश मोटारसायकल घेऊन धावला. तिसऱ्यांदा एका टँकरवाल्याने करकचून ब्रेक लावला तेव्हा आबा रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे होते. टँकरवाला भला माणूस. त्याने शिवी दिली नाही. गाडी कडेला लावून स्वतः घरापर्यंत आला आणि अनुपमाला एवढंच म्हणाला, "ताई, धुकं असतं तर मला दिसले नसते हो."

त्या दिवशी राजेशने कळंबोलीला थोरल्या भावाला फोन लावला. महिपतीचा आवाज मुळातच मोठा. फोन कानाला न लावताही अनुपमाला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं.

"राजा, तुम्ही दोघं पडलात नोकरीवाले. सकाळच्या गडबडीत त्यांना बघणार कोण? माझ्याकडं दे पाठवून. सातवा मजला हाय, खाली वॉचमन हाय. जाऊन जाऊन जातील कुठं?"

"बघतो, दादा."

"त्यात बघायचं काय? शिमग्याला येतोच हाय, जाताना घेऊन जातो. टेन्शन नाय."

महिपतीच्या मनात खोट नव्हती. बापासाठी त्याने गॅलरीला जाळीही लावून घेतली होती. पण अनुपमा त्या घरी राहून आली होती. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीतल्या माणसाला बहुधा आपली. तिथे पहाटे उठून आबा कोणता घाट उतरणार? सातव्या मजल्यावर ते सुखरूप राहिले असते, पण घरी कधीच पोचले नसते. हे तिला दिसत होतं, पण कुणाला पटवून देता येत नव्हतं. कारण सकाळी घरात काय चालतं, हेही तिला माहीत होतं. उमरठच्या वाटेवरच्या एका शाळेत ती शिकवते. जीप ठरलेली, ती चुकली की पुढची कधी येईल याचा नेम नाही. राजेशला एमआयडीसीत वेळेवर हजेरी लावायची. गॅसवर भाजी, हातात पोळी, कान दाराच्या कडीकडे. कडी वाजली की ती ओरडे, राजेश धावे, आबा बिचकून हात झिडकारत. असं एकदा झालं की ते ओरडणं संध्याकाळपर्यंत घराच्या कोपऱ्यांत बसून राही.

राजेश एका कारखान्यात हिशेबाचं काम बघतो. प्रत्येक अडचणीवर काही ना काही व्यवस्था असतेच, ती फक्त नीट लावावी लागते, अशी त्याची श्रद्धा. एका रविवारी तो पनवेलहून एक खोकं घेऊन आला. त्यात फोनवरून चालणारे दोन दिवे होते, बोलणारा एक गोल स्पीकर होता, पाय जमिनीला लागले की ओळखणारी खाटेखाली ठेवायची एक लहानशी डबी होती आणि बोटाचा ठसा घेतल्याशिवाय न उघडणारं कुलूप होतं. दुपारभर बसून त्याने सगळं एकमेकांशी जोडलं आणि अनुपमाला समजावून सांगितलं, "आबांचे पाय खाली लागले की दिवा आपोआप लागेल, म्हणजे ठेचकाळणार नाहीत. मग भजन सुरू होईल, म्हणजे मन रमेल. आणि दार काही उघडणार नाही. म्हणजे तुझी सकाळ शांत."

"शांत झाली तर देवाला नारळ," अनुपमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबांनी पाय खाली टेकवले आणि खोलीभर पांढरा लख्ख उजेड पडला. स्पीकरमधली बाई म्हणाली, "सुप्रभात." पाठोपाठ टाळ-मृदंग सुरू झाले. आबांनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

"कोण रे तो? वरची लाईट मारतोय डोळ्यांवर. आंधळा करशील काय?" ते ओरडले. "पांडू, टेप बंद कर आधी. बॅटरी बसंल."

राजेशने घाईघाईने भजन बंद केलं. आबा तोंड फिरवून दाराकडे गेले. दार उघडेना. त्यांनी मुठीने ठोकलं, खांद्याने ढकललं. "पांडू, दार उघड. पोरं वाट बघत असतील." पांडू म्हणून ज्याला ते हाक मारत होते तो त्यांच्यामागेच उभा होता.

आठवडा असाच गेला. आबांच्या बोटांची पेरं सुजली. स्पीकरवाल्या बाईशी मात्र त्यांचं बरं जमलं. दिवसा ते तिच्यासमोर बसून राहत. एकदा अनुपमाला म्हणाले, "गो, हिला चाय दिलीस का?"

"ती चहा पीत नाही, आबा."

"मंग सकाळी सकाळी उपाशीपोटी कामाला येते?" आबा हळहळले. "लांबून येत असंल."

पण दिव्याशी त्यांचं वैर कायम होतं. रोज पहाटे तोच पांढरा झोत, रोज तेच डोळ्यांवर हात, रोज तोच त्रागा. "डिपर मार की रे. डिपर मार. लायसन कुणी दिलं तुला?"

एका पहाटे ओट्याशी कणीक मळता मळता अनुपमाचे हात थांबले. तो शब्द तिने फार पूर्वी ऐकला होता, आबांच्याच तोंडून आणि याच सुरात.

तिचं माहेर खेडचं, घाटापलीकडचं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माहेरी गेली होती आणि तिथून आणायला सासऱ्यांची गाडीच आली होती, रत्नागिरीहून माल भरून परतणारी. सीटवर गोणपाट घालून त्यांनी तिला बसवलं. सुनेशी बोलायची त्यांना सवय नव्हती. जे बोलायचं ते मधे बसलेल्या पांडूकडे बघून बोलत. घाटमाथा ओलांडून गाडी पोलादपूरच्या बाजूला उतरू लागली आणि एका वळणाखाली लांबवर दोन दिवे दिसले. "डिपर मार की रे," आबा त्रासून म्हणाले आणि ते दिवे दोनदा मंद झाले. आबांनीही आपले दिवे दोनदा खाली केले, गाडी डोंगराला चिकटवली आणि थांबले. खालून एक भरलेला ट्रक हूं हूं करत, हत्तीसारखा, वर आला. त्याच्या ड्रायव्हरने हात वर केला, आबांनी केला आणि तो निघून गेला. आबा पांडूकडे बघत म्हणाले, "चढणीची गाडी एकदा थांबली की परत उचलत नाय. म्हणून उतरणाऱ्यानं थांबायचं." पांडूला हे ठाऊकच होतं. सांगितलं ते तिला होतं.

आणि आता घरात रोज पहाटे कुणीतरी उद्दाम गाडीवाला त्यांच्या डोळ्यांवर वरची मारत उभा होता. रागावतील नाही तर काय?

"अहो," तिने दाढी करत असलेल्या राजेशला गाठलं, "तो दिवा मंद करता येतो का हो?"

"हवा तेवढा. का?"

"नुसता मंद नाही. आधी पेटायचा, मग दोनदा खाली-वर व्हायचा. मग अगदी बारीक होऊन राहायचा."

राजेशने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "अगं, दिवा आहे तो. लग्नाची रोषणाई नव्हे."

"करून तर बघा."

त्याने केलं. कारण न कळताही सांगितलेलं काम नीट करायचं, हा त्याचा गुण. पांढरा रंग काढून पिवळसर केला, जुन्या गाड्यांच्या दिव्यांचा असे तसा. भजन काढून टाकलं. त्या बाईलाही पहाटेपुरतं गप्प बसवलं.

पहाटे आबांचे पाय जमिनीला लागले. समोरच्या कोपऱ्यात, लांब वळणाखाली उगवावा तसा, पिवळा दिवा उगवला. तो दोनदा मंद झाला आणि निखाऱ्यासारखा बारीक होऊन राहिला.

आबा उठत होते, ते थांबले. त्यांचा उजवा पाय हळूच खाली दाबला गेला. दोन्ही हात हवेत थोडे डावीकडे वळले. मग ते खाटेच्या कडेवर मागे सरकून स्वस्थ बसले.

"चढणीची हाय," ते पुटपुटले. "येऊ दे तिला."

दारामागे उभ्या असलेल्या राजेशने अनुपमाकडे पाहिलं.

भरलेली गाडी घाट चढते तेव्हा तिला वेळ लागतोच, आणि तेवढा वेळ आबा कसलीही घाई न करता बसून राहिले. राजेशने नंतर बराच खटाटोप करून ती पहाट बेतली. दिवा बारीक राहायचा, मग कळेल न कळेल असा वाढत जायचा. आधी राखेआडच्या विस्तवासारखा, मग पिकत आलेल्या पपईसारखा, मग फटफटताना घाटमाथ्यावर जसं आभाळ होतं तसा. दुसरा दिवा स्वयंपाकघराच्या दाराशी. तो सगळ्यात शेवटी लागायचा, पोलादपूरच्या दिव्यांसारखा. तोवर बाहेरही उजाडत असे आणि खरा उजेड कोणता, बेतलेला कोणता, हे अनुपमालाही सांगता येत नसे. आबा त्या उजेडातून उतरत येत. एकेक वळण घेत, कुठे थांबत, कुठे मान डोलावत. घरभर कसा कापसासारखा मऊपणा भरून राही. बाहेर खंड्या शीळ घाली. खाली हायवेवरून खऱ्या गाड्या जात, पण त्यांचा आवाज दुसऱ्याच कुठल्यातरी गावातून येतोय असं वाटे.

शेवटी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येत. पहिल्या दिवशी अनुपमाच्या तोंडून न ठरवताच निघून गेलं, "आलात?"

आबांनी मफलर सोडला. "आलो," म्हणाले आणि पाटावर बसले.

पौष असा गेला. अनुपमा बसून चहा पिऊ लागली, जे लग्न झाल्यापासून तिने फारसं केलं नव्हतं. जीप तीच होती, भाजी-पोळी तीच होती, पण सकाळ लांब झाल्यासारखी वाटे. शाळेत एक बाई तिला म्हणाल्या, "काय हो, तब्येत सुधारली वाटतं." दाराचं कुलूप मात्र तसंच होतं. आबांनी त्याला हातही लावला नव्हता. माघ लागताच तिने विषय काढला.

"कुलूप काढा हो. घरी आलेल्या माणसाला कोंडून कशाला ठेवायचं?"

राजेशने कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "काढतो. पण एक सांगून ठेवतो. पुन्हा एकदा जरी ते रस्त्यावर गेले, तर मी दादाला अडवणार नाही. मला ती जोखीम झेपत नाही."

"कबूल," अनुपमा म्हणाली. त्याच संध्याकाळी कुलूप निघालं.

शिमगा अगदी तोंडावर आला असताना एक पहाट अशी उजाडली की उजाडलीच नाही. दरीतून धुकं वर आलं आणि अंगण, आंबा, तुळस सगळं गिळून बसलं. त्यात वीज गेली. अनुपमा मागच्या पडवीत पाण्याच्या बंबाखाली जाळ सारत होती. आत अंधार आहे हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा हातातलं लाकूड तसंच टाकून ती धावली. खाट रिकामी होती. पुढचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून धुकं ओसरीवर येऊन बसलं होतं.

"अहो, उठा," तिने राजेशला हलवलं. "आबा गेले."

राजेश तसाच अनवाणी अंगणात आला. खाली उतरत्या पायवाटेवर मफलराचं पांढरं टोक हलताना दिसलं न दिसलं. त्यापलीकडे, धुक्याच्या तळाशी, हायवेवर एक अवजड गाडी गुरगुरत गेली.

"आबा," त्याने हाक मारायला तोंड उघडलं. अनुपमाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. नवऱ्याच्या तोंडावर असा हात तिने आयुष्यात ठेवला नव्हता.

"ओरडू नका. ओरडलात की ते पाय उचलतात. मागे या हळूहळू."

तिने कोनाड्यातली बॅटरी घेतली आणि शेजारच्या काजूच्या बागेतून, दगडी बांधावरून, वाट मधेच तोडून ती खाली उतरली. दव पडलेल्या पाचोळ्यावर पाय घसरत होते. पायवाट हायवेला मिळते त्याच्या जरा वर ती वाटेवर आली आणि वळून चढणीकडे तोंड करून उभी राहिली. वर काहीच दिसत नव्हतं. फक्त चपलांचा आवाज येत होता, सावकाश आणि बेताचा, गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीसारखा.

तिने बॅटरी पेटवली. धुक्यात पिवळा गोळा उमटला. त्यावर तिने तळहात धरला, काढला. पुन्हा धरला, काढला. आणि ती चालू लागली, भरलेली गाडी चालेल तशी, एकेक पाऊल टाकत वर.

चपलांचा आवाज थांबला.

धुक्यातून आबा हळूहळू दिसू लागले. ते वाटेच्या कडेला, बांधाला पाठ लावून उभे होते आणि त्यांनी वाट मोकळी करून दिली होती. त्यांच्यामागे थोड्या अंतरावर राजेश अनवाणी उभा होता. तोही थांबला होता, मागच्या गाडीने थांबावं तसा.

अनुपमा जवळ आली तेव्हा आबांनी हात वर केला.

"ये गो, ये. तू चढणीची. आधी तू जा."

"धुकं फार आहे, आबा."

"हाय खरं."

"वर जाऊन थांबू या का जरा? निवळलं की निघू."

आबांनी खाली पाहिलं, वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, फक्त रोजच्या कामातला विचार होता. "ह्या धुक्यात उतरणं बरं नाय," ते म्हणाले. "तू पुढं हो. तुझ्या दिव्यामागं येतो मी."

बॅटरीचा झोत जमिनीवर धरून ती पुढे झाली, तिच्यामागे आबा, त्यांच्यामागे राजेश. तिघं वर आली तेव्हा अंगणात तुळस दिसू लागली होती. आबांनी चपला अंगणातच काढल्या आणि पोरं झोपलेली असतील म्हणून आवाज न करता ओसरी चढले.

बंबाखालचा जाळ अजून धुमसत होता. अनुपमाने त्यावरच चहा ठेवला. राजेशचे पाय चिखलाने भरले होते, ते न धुताच तो पायरीवर बसला. बराच वेळ तो खाली धुक्याकडे बघत राहिला. शब्द अनुपमाने स्वतःच दिला होता, त्यामुळे काही विचारायला तिच्याकडे जागा नव्हती. तिने तीन कप भरले.

राजेशने खिशातून फोन काढला. कळंबोलीला घंटी वाजली तशी तिने कप खाली ठेवला.

"काय रे, एवढ्या सकाळी?" महिपतीचा आवाज ओसरीभर पसरला. "आबा गेले काय परत?"

"गेले होते, दादा," राजेश म्हणाला. "आमची वीज गेली होती. घरात दिवा लागला नाही."

"मंग? म्हणत होतो ना मी? शिमग्याला..."

"शिमग्याला ये. चांगले चार दिवस राहा. पहाटे माझ्याबरोबर दारामागे उभा राहा आणि बघ. बॅटरीवर चालणारा दिवा मी आजच आणतो, वीज असो नसो." तो थांबला. आत पाटावर आबा बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. "त्यांना नेऊ नको, दादा. ते रोज इथंच येतात."

पलीकडे महिपतीचा आवाज खाली आला. एवढ्या हळू बोललेला त्याला कुणी ऐकला नव्हता.

"चाय पितायत काय आता?" त्याने विचारलं.

"पितायत."

"पिऊ दे मंग," महिपती म्हणाला.